९ मिमी रिलोडिंग: पहिला डबा कुठल्या पावडरचा घ्यावा, आणि ती तपासायची कशी?

कोलंबसकर

रिलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाचं पितळी कवच) नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर (दारू) आणि गोळी भरणं, सुरू करतोय. प्रेस टेबलाला आवळून झाला, डाय बसल्या, तराजू आला. आता गाडी पावडरपाशी अडली आहे.

माहिती अशी: ९ मिमी ल्यूगर, ग्लॉक १७, बॅरल ४.४९ इंच. गोळी १२४ ग्रेनची (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) प्लेटेड (वर तांब्याचा पातळ मुलामा) राउंड-नोज, पुढेमागे १४७ ग्रेनची कोटेड (वर रंगासारखा लेप). टरेट प्रेस आहे, म्हणजे एका वेळी एकच पुंगळी. वापर युएसपीएसएच्या (अमेरिकेतली प्रॅक्टिकल नेमबाजीची संस्था) स्थानिक सामन्यांसाठी, मायनर पॉवर फॅक्टर (गोळीचं वजन गुणिले वेग, यातली खालची पातळी). ओहायोत सामने एप्रिल ते ऑक्टोबर, उघड्या रेंजवर. गावातल्या दुकानात एचपी-३८, टाइटग्रुप आणि युनिक आहेत. विह्तावुओरीची एन३२० मागवावी लागेल आणि महाग पडेल.

१) यातली कुठली, आणि का?
२) मॅन्युअलमध्ये पावडरच्या वजनाचे ‘स्टार्ट’ (सुरुवातीचं) आणि ‘मॅक्स’ (कमाल) असे दोन आकडे आहेत. त्यांच्यामधून कसं चढायचं?
३) क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नेमकं काय बघायचं?
४) रेंजवर सल्ला मिळाला की ‘प्रायमर चपटा दिसेपर्यंत चढव, मग थोडं उतर’. हे बरोबर आहे का?

तराजूकाटा

आधी चौथ्याचं उत्तर, कारण बोटं शाबूत राहण्याशी त्याचा संबंध आहे. नाही. तो सल्ला उच्च दाबाच्या रायफलींतून आला आहे, आणि तिथेही तो फार भरवशाचा नाही. सामीने (अमेरिकेत काडतुसांची मापं आणि दाब ठरवणारी संस्था) ९ मिमीसाठी कमाल दाब ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ठरवलाय, .४५ एसीपीसाठी २१,००० आणि .३८ स्पेशलसाठी १७,०००. प्रायमर चपटा होणं हे त्याच्या कपाची जाडी, हेडस्पेस (चेंबरमध्ये पुंगळीच्या मागे उरणारी मोकळी जागा) आणि पिस्तुलाची घडण यांवरही अवलंबून असतं. .३८ मध्ये दाब हद्दीच्या दीडपट झाला तरी प्रायमर गोल गुटगुटीत दिसू शकतो. पुंगळीच्या बुडाशी फुगवटा दिसला तर हद्द कधीच मागे पडलेली असते. हातातल्या पिस्तुलाला दाबमापक नसतो, म्हणून मॅन्युअलचा ‘मॅक्स’ हेच छत.

दुसरं छत वेगाचं. मॅन्युअलच्या मॅक्स लोडला जो वेग छापलाय तो तुम्हाला त्याच लांबीच्या बॅरलमधून त्याआधीच मिळाला, तर तुम्ही दाबाच्या बाबतीतही तिथे पोचलात असंच समजा. फुकटचा वेग नसतो.

आता पावडर. लोक ‘जलद की संथ’ इथून सुरुवात करतात. मी पुंगळीत किती जागा भरते इथून करतो. रिलोडिंगमधली सगळ्यात महागडी चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा माप पडणं. युनिक फुगीर पापड्यांची आहे. ९ मिमीत दुप्पट पडली की सांडते, लपूच शकत नाही. एचपी-३८ दुप्पट पडली तर काठाजवळ येते आणि सहज दिसते. टाइटग्रुप घट्ट आणि थोडी लागते. दुप्पट पडली तरी सांडत नाही, मुद्दाम बघितलं तरच कळते. .३८ स्पेशलच्या लांब पुंगळीत तर तिची दुप्पट काय, तिप्पटही खपून जाते. पहिल्या डब्यासाठी टाइटग्रुप मी सुचवणार नाही. पावडर वाईट नाही, पण तिचा स्टार्ट आणि मॅक्स यांच्यातला फरक ९ मिमीच्या बऱ्याच गोळ्यांना अर्धा ग्रेनही नसतो. नवख्या हाताला तेवढ्यात चुकायला जागा नाही. शिवाय ती गरम जळते आणि कोटेड गोळीबरोबर धूर जास्त करते.

मग युनिक का नको? मापातून नीट पडत नाही म्हणून. पापड्या एकमेकींवर अडकतात, नळीत पूल बांधतात, आणि माप कधी हलकं, कधी जड. एचपी-३८ बारीक गोल दाण्यांची, पाण्यासारखी वाहते. तुमच्या कामाला तीच. दुकानात ती नसली आणि विंचेस्टर २३१ असली तर बिनदिक्कत घ्या, दोन्ही डब्यांत पावडर तीच आहे. (एच११० आणि विंचेस्टर २९६ यांचंही तसंच. पण त्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या, ९ मिमीत त्यांचं काम नाही.)

एन३२० उत्तम आहे. झटका मऊ, धूर कमी, माप छान पडतं. किमतीला घाबरण्याआधी हिशेब करा. पौंडाचे ७,००० ग्रेन. हिशेबापुरते काडतुसाला ४.५ ग्रेन धरले (हा लोड नाही, लोड मॅन्युअलमधूनच घ्यायचा) तर एका पौंडात साधारण १,५५० काडतुसं होतात. डबा २० डॉलरने महाग असला तरी काडतुसामागे सव्वा सेंट. खरी अडचण मिळण्याची आहे. गेली काही वर्षं माल कधी येतो, कधी महिनोन्महिने येत नाही. नेमक्या मोसमात डबा संपून पावडर बदलायची म्हणजे सगळी तपासणी पहिल्यापासून. तेव्हा जी मिळत राहील ती घ्या, आणि जमलं तर एकाच लॉटचे दोन डबे.

डॅलस_रेंज

वरच्याला अनुमोदन. मी तपासणीचं लिहितो.

मॅन्युअलमध्ये तुमची गोळी शोधताना वजनाबरोबर प्रकारही जुळवा. १२४ ची जॅकेटेड (तांब्याच्या जाड आवरणाची), प्लेटेड आणि कोटेड या तीन वेगळ्या गोळ्या आहेत. प्लेटेडचा आकडा सापडला नाही तर गोळीच्या कंपनीचं सांगणं बघा. बहुतेक जण ‘जॅकेटेडच्या मधल्या लोडपर्यंतच’ असं सांगतात. कुठे फक्त मॅक्सच छापला असेल तर त्यातून १० टक्के वजा करून सुरू करा. (एच११० ला हा नियम लागत नाही, ती इतकी कमी करायचीच नसते.) फोरमवरचा आकडा, हा फोरम धरून, लोड म्हणून वापरू नका.

पावडरआधी लांबी ठरवा. ग्लॉकची बॅरल काढून तोंड खाली, चेंबर वर अशी उलटी धरा आणि पावडर-प्रायमर नसलेलं नमुना काडतूस चेंबरमध्ये सोडा. ‘टक्’ असा आवाज करून पूर्ण बसलं पाहिजे, बोटाने फिरवलं तर फिरलं पाहिजे, आणि बॅरल सरळ केली की आपल्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. फिरत नसेल तर गोळी रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळाच्या खाचा) टेकते आहे, थोडी आत बसवा. सामीची कमाल लांबी १.१६९ इंच (२९.६९ मिमी) आहे, पण गोळीच्या आकाराप्रमाणे तुमची याहून कमी येईल. मॅन्युअलमध्ये त्या गोळीला जी लांबी दिलीय त्याहून आखूड करायची वेळ आली तर स्टार्टपासूनच सुरू करा. ९ मिमीची पुंगळी एवढीशी, त्यात गोळी थोडी खोल गेली की आतली जागा कमी होते आणि दाब भराभर चढतो.

म्हणूनच क्रिंप (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं) आणि पकड तपासायची. टेपर क्रिंप तोंडाशी ०.३७८ इंचाच्या आसपास. तोंड उमलवलेलं सरळ झालं की पुरे. जास्त आवळलंत तर प्लेटिंग कापलं जातं आणि उलट पकड सैल होते. तयार काडतुसाची लांबी व्हर्निअरने मोजा, टेबलाच्या कडेला अंगठ्याने जोर लावून गोळी आत दाबा, पुन्हा मोजा. गोळी हललीच नाही पाहिजे. मग तेच काडतूस रेंजवर मॅगझिनमधून तीनदा चेंबरमध्ये घेऊन, न उडवता काढून मोजा. इंचाच्या पाच हजारांशांपेक्षा (०.००५) जास्त आत गेलं असेल तर एक्सपांडर तोंड फार उमलवतोय किंवा साइझिंग डाय (पुंगळी आवळून मूळ मापाला आणणारी) नीट खाली येत नाहीये.

आता पायऱ्या. स्टार्ट आणि मॅक्समध्ये ०.४ ग्रेन किंवा जास्त फरक असेल तर ०.२ च्या पायऱ्या, कमी असेल तर ०.१ च्या. दर पायरीला १० काडतुसं, वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी: पावडर आणि लॉट, वजन, गोळी, लांबी, प्रायमर, पुंगळीचा शिक्का (बुडावरचा कंपनीचा ठसा). पुंगळ्या एकाच शिक्क्याच्या घ्या. आत टॉर्च मारून बघा; काहींच्या आत पायरी असते, त्या सरळ भंगारात, कारण त्यांत जागा कमी असते.

दहाच का? पाचावर काहीच कळत नाही म्हणून. दहाचीही मर्यादा ओळखा. दहा शॉटवरून प्रमाण विचलन ८ आलं तर खरं विचलन ५.५ ते १४.६ मध्ये कुठेही असू शकतं. तेव्हा ‘याचं ७ आणि त्याचं १०, म्हणून हा लोड भारी’ ही चर्चा पोकळ आहे. लोड पक्का केला की ३० शॉट मोजा, मग बोला.

मायनरची रेषा १२५. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, गुणा आणि १,००० ने भागा. १२४ ला १,००९ वेगाला १२५.१ येतं, पण सामन्यात तिथे उभं राहू नका. विचलन १५ असेल तर तीन शॉटच्या सरासरीचं डोलणं साडेआठ-नऊ फूट, त्याची दुप्पट १७ फूट, म्हणजे पॉवर फॅक्टरमध्ये दोनाच्या वर. त्यावर थंडी आणि दुसरा क्रोनोग्राफ. १३० धरा: १२४ ला १,०५०, १४७ ला ८८५. खाली गेलात तर त्या सामन्यात गुणच मिळत नाहीत.

प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ पिस्तुलापासून १० ते १५ फुटांवर ठेवा. जवळ ठेवलात तर बॅरलमधून निघालेला वायू आणि न जळलेले कणच मोजले जातात. रडारवाला असेल तर हा प्रश्न नाही.

बालेवाडी_बी

छान धागा. हे सगळं इथे पुण्यात करता येतं का? दरवेळी काडतुसांसाठी थांबावं लागतं.

डॅलस_रेंज

@बालेवाडी_बी, घरी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो, आणि ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे नुसता प्रेस आणणंही अंगाशी येईल. ९ मिमी तर तिकडे प्रोहिबिटेड बोअरच (साध्या परवान्यावर न मिळणारं) आहे. तुमच्या रायफल असोसिएशनच्या कोट्यातूनच घ्या.

आणि अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी, कारण हा प्रश्न विचारायला लोक लाजतात: एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि दारूगोळा जवळ ठेवायला मनाई आहे. वैध शिकारीचं लायसन्स असे मोजके अपवाद आहेत. कायद्यात दारूगोळ्यामध्ये पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सगळं वेगवेगळं मोजलंय. म्हणजे ‘पिस्तूल मित्राचं, माझ्याकडे फक्त पावडर’ हेही चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. स्वतःपुरतं रिलोड करायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो.

कोलंबसकर

दोघांचेही आभार. एचपी-३८ घेतली. स्टार्ट आणि ०.२ वर अशा दोन पायऱ्या झाल्या. स्टार्टची सरासरी ९८५. दुसऱ्या पायरीचे दहा शॉट असे:

१०१२, १०२१, १०१७, १०२६, १००९, १०२३, १०१८, १०३०, १०१४, ९५८

क्रोनोग्राफ सरासरी १,०१३ आणि विचलन २० दाखवतो. शेवटचा सोडला तर सरासरी १,०१९ आणि विचलन ७. शेवटचा क्रोनोग्राफचा चुकार आकडा म्हणून सोडून द्यावा का? मॅक्स अजून ०.२ वर आहे.

तराजूकाटा

अजिबात सोडू नका. या दहांतला सगळ्यात कामाचा आकडा तोच आहे.

तुमच्या दोन पायऱ्यांत ०.२ ग्रेनला ३४ फूट वाढले, म्हणजे ०.१ ला १७. ९५८ हा बाकीच्या सरासरीहून ६१ ने कमी आहे. ६१ भागिले १७ म्हणजे ०.१ ची सुमारे साडेतीन पट, म्हणजे ०.३५ ग्रेन कमी पडली. गोल दाण्याच्या पावडरला मापातून आपोआप एवढी चूक होत नाही. एक तर हँडल पूर्ण फिरलं नाही, किंवा पुंगळी पावडर डायपर्यंत पूर्ण वर गेली नाही आणि मापाची पट्टी अर्धीच सरकली.

घाबरायचं ते पुढच्यासाठी. नळीत अडकून राहिलेली पावडर कुठे जाते? पुढच्या पुंगळीत. ०.३५ कमी पडलेल्याचा जोडीदार ०.३५ जास्तीचा असू शकतो. या पायरीत तो दिसला नाही, म्हणजे पट्टीच अर्धी सरकली असण्याची शक्यता जास्त. पण मॅक्सच्या पायरीला हीच गंमत झाली तर काडतूस मॅक्सच्या वर. कारण सापडेपर्यंत तिसरी पायरी भरू नका.

भरून ठेवलेली असतील तर गोळ्या ओढून रिकामी करा, हातोडीसारखा पुलर १५-२० डॉलरला मिळतो. तयार काडतुसं तराजूवर टाकून हलकी-जड शोधायच्या फंदात पडू नका. पुंगळ्यांच्या वजनातला फरकच एवढा असतो की पावडरमधला फरक त्यात बुडून जातो.

मापाची तपासणी अशी करा. हॉपर (मापावरची पावडरची टाकी) अर्ध्याच्या वर भरा, पहिली दहा मापं परत हॉपरमध्ये ओता म्हणजे पावडर दबून बसते. मग तराजू वजनमापाने तपासा. ५ ग्रेनच्या जवळपासचं वजनमाप हवं, ५० ग्रॅमवर बरोबर दाखवणारा तराजू ५ ग्रेनवर खोटं बोलू शकतो. पंख्याचा झोत आणि एसी बंद. आता दहा मापं एकाच भांड्यात टाकून एकत्र तोला आणि दहाने भागा, यातून सरासरी अचूक कळते. त्यानंतर वीस मापं सुटी सुटी तोला, यातून डोलणं कळतं. एचपी-३८ ला वीसही ०.१ च्या आत आली पाहिजेत. शेवटी पाच मापं मुद्दाम हँडल अर्धवट ओढून टाका.

भरताना पन्नास पुंगळ्या ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्चने एकदम बघायची सोय टरेटवर नाही. म्हणून गोळी ठेवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. प्रेसवर दिवा बसवा. रेंजवर ‘फुस्स’ असा आवाज आला किंवा झटका कमी लागला की लगेच थांबा. पिस्तूल रिकामं करून बॅरलमध्ये काठी घाला. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी उडवली की बॅरल फुगते.

कोलंबसकर

वीस मापं तोलली. एकोणीस ०.१ च्या आत, एक ०.१५ ने हलकं. मग हँडल मुद्दाम अर्धवट: पाचपैकी चार मापं ०.३ ते ०.४ ने हलकी. पुढचं पूर्ण ओढलेलं माप मात्र बरोबर पडलं, जास्त नाही. म्हणजे पट्टीच अर्धी सरकत होती. डाय अर्ध्या फेऱ्याने खाली घेतली, आता हँडल तळाला टेकायच्या थोडं आधीच पट्टी पूर्ण सरकते. पुन्हा वीस: सगळी ०.१ च्या आत.

आणखी दोन शंका. थंडीत तपासायचं कसं? आणि उरलेली पावडर हॉपरमध्येच राहू द्यावी का?

डॅलस_रेंज

थंडीसाठी दहा काडतुसं बर्फाच्या कूलरमध्ये, बंद पिशवीत, तासभर ठेवा. एकेक काढून लगेच उडवा. चेंबर गरम असेल तर त्यात रेंगाळू देऊ नका. दुसरी दहा सावलीतली. गाडीच्या डॅशबोर्डवर तापवायचा खेळ करू नका. पॉवर फॅक्टरच्या सरासरीत १३० वरून १२७ पर्यंत घसरण झाली तरी एप्रिलमध्ये चालेल. त्याखाली गेली तर ०.१ वाढवा, अर्थात मॅक्सच्या आत.

त्याच दिवशी अजून एक करून घ्या. पाच शॉट पिस्तूल आधी जमिनीकडे झुकवून मग हळू वर आणत, आणि पाच आधी वर करून मग हळू खाली आणत. पहिल्यात पावडर गोळीकडे सरकते, दुसऱ्यात प्रायमरकडे. .३८ स्पेशलसारख्या अर्ध्या रिकाम्या पुंगळीत यातून ५० फुटांचाही फरक पडतो. ९ मिमीत एचपी-३८ ला फार पडू नये. पडला तर विचलन कुठून येतंय ते कळलं.

हॉपर रोज रिकामा. डबल-बेस (नायट्रोग्लिसरिन असलेली) पावडर प्लास्टिक खाते, पारदर्शक हॉपर आतून तपकिरी आणि धुरकट होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे महिन्याने आत कुठली पावडर आहे ते आठवत नाही. परत ओतायची ती तिच्याच मूळ डब्यात. टेबलावर एका वेळी एकच डबा. ओळख पटत नसलेली पावडर बागेत पातळ पसरून टाका, नत्र असतं, गवताला चालतं. डबा उघडल्यावर वास आंबट-तिखट आला किंवा तांबूस धूळ दिसली तर तीही तिकडेच. चांगल्या पावडरचा वास ईथरसारखा असतो.

साठवण: राहत्या घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत आणि १०,००० प्रायमर, अशी एनएफपीएची (अमेरिकेतली अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था) मर्यादा आहे. तुमच्या गावचा फायर कोड कमी सांगत असेल तर तो धरा. आणि बंदूक ठेवायच्या घट्ट लोखंडी तिजोरीत पावडर नको. आग लागली तर डब्याचं झाकण उडून ती नुसती भडकते, तिजोरीत कोंडली तर फुटते. लाकडी कपाट, थंड जागा, कुलूप.